परिचारिकांची पदवी : कोणाच्या खर्चाने?

म्हैसूर संस्थानात डॉक्टर घडविण्यासाठी १९२४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. परिचारिकांसाठी पदवीचे शिक्षण मात्र देशात १९४६ साली, दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. बुद्धीचे काम डॉक्टरांचे आणि परिचारिकेचे केवळ हातांचे, ही समजूत या दिरंगाईच्या मुळाशी आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? डॉक्टरांची फेरी आटोपते. रात्रभर रुग्णाच्या उशाशी परिचारिकाच असते. श्वास बिघडला वा रक्तदाब उतरला, तर प्रथम तिनेच ओळखावयाचे असते. एवढी जबाबदारी टाकावयाची आणि सखोल शिक्षण नाकारावयाचे, हा अन्याय आहे. तेव्हा पदवी हवीच.

परंतु पदवीची सक्ती करून शिक्षण खाजगी संस्थांच्या हवाली केले, तर चार वर्षांचे शुल्क शेतमजुराच्या मुलीने कोठून भरावे? आणि तीन वर्षांच्या पदविकेवर उभे आयुष्य वॉर्डात घालविलेल्या भगिनींना कमअस्सल ठरवावयाचे काय?

शिवाय पदवीने पगार आपोआप वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने लहान खाजगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. परंतु शिफारशीने चूल पेटत नाही. त्यासाठी संघटित रेटा लागतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : सरकारी महाविद्यालयांत विनाशुल्क पदवी, सेवेतील पदविकाधारकांना पुढील शिक्षणासाठी पगारी रजा आणि शिक्षणास साजेशी वेतनश्रेणी. पदवी हा परिचारिकांचा हक्क आहे. तिचा बोजा त्यांच्याच माथी मारता कामा नये.