आरशातला चेहरा आणि कागदावरचा चेहरा

शासकीय रेखाकला परीक्षांचे दिवस जवळ आले की नंदुरबार जिल्ह्यातील शाळांतूनही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची धांदल सुरू होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांनी महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या हाती पहिल्यांदा पेन्सिल नीट धरविली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांचाही विरोध उरत नाही. तथापि या परीक्षांत माणसाच्या चेहऱ्याचा अभ्यास हा स्वतंत्र विषय नाही. स्मरणचित्रात माणसे येतात ती बाजारातील गर्दी म्हणून. ज्या चेहऱ्याशी मुलाचा जन्मभराचा संबंध, तो स्वतःचा चेहरा काढण्याचा प्रसंग बहुतेकांना आला तर थेट कलामहाविद्यालयातील मानवाकृतीच्या वर्गात येतो. तोवर आपल्या चेहऱ्याविषयी त्याच्या मनात जे समज रुजायचे ते रुजून गेलेले असतात.

आत्मचित्र हा अभ्यासक्रमातील शोभेचा विषय नव्हे. डोळ्यांना दिसते ते आणि मनाने गृहीत धरलेले ते, यांतील अंतर मोजण्याचे याहून स्वस्त साधन दुसरे नाही. नवशिका विद्यार्थी डोळे नेहमी डोक्याच्या वरच्या तिसऱ्या भागात काढतो. वास्तविक माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर ते असतात. डोळे, नाक आणि ओठ यांकडे आपले लक्ष असते, म्हणून त्यांना कागदावर जास्त जागा मिळते आणि कपाळ व कवटी आक्रसतात. कान कपाच्या कानासारखे दोन्ही बाजूंना चिकटविले जातात. हे दोष हाताचे नसून पाहण्याचे आहेत. म्हणूनच त्यांची समीक्षा झाली पाहिजे. प्रश्न समीक्षा करावी की नाही हा नसून ती कशाची आणि कशी करावी हा आहे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार येते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून आश्रमशाळेत आलेल्या भिल्ल किंवा पावरा मुलाला क्रमिक पुस्तकातील चित्रांत, दिनदर्शिकेवर, जाहिरातीत आपल्यासारखा चेहरा क्वचितच भेटतो. मुलांच्या बोलण्यात ‘स्किन कलर’ म्हणजे खडूच्या डबीतील फिकट गुलाबी कांडी. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ हे नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केले. आपल्याकडे त्या रंगाचे बोलीतील नाव आजही तसेच आहे. अशा मुलाने काढलेल्या आत्मचित्रात नाक सरळ होते, ओठ पातळ होतात आणि गालावरचा कागद कोरा राहतो. छाया भरणे म्हणजे चेहरा काळा करणे, अशी त्याची धास्ती असते. वस्तुतः गालाचे हाड, भुवईची कड, नाकाचा शेंडा यांचे उठाव छायाप्रकाशातूनच उमटतात, आणि सावळ्या त्वचेवर प्रकाशाची तिरीप अधिक ठसठशीत दिसते. छाया टाळणारे चित्र सपाट होते, हा चित्रकलेचा दोष. परंतु त्याचे मूळ चित्रकलेच्या बाहेर आहे.

आता या चित्रापुढे उभा राहिलेला शिक्षक काय म्हणतो यावर बरेच अवलंबून असते. ‘तुझे नाक असे आहे का रे?’ हा प्रश्न चांगल्या हेतूने विचारला तरी वर्ग हसतो. एकदा वर्ग हसला की तो विद्यार्थी पुन्हा आरशात पाहून काढील ही आशा सोडावी. ‘चित्रातले नाक डोळ्यांच्या आतील कोपऱ्यांच्या रेषेत उतरते का, ते पुन्हा पाहा’ या वाक्यात तोच दोष सांगितला जातो, पण बोट कागदाकडे असते, चेहऱ्याकडे नसते. हा शब्दांचा खेळ वाटेल. पण घरी भिली किंवा पावरी बोलणारा मुलगा प्रमाण मराठीतील शेरा आधीच निकालासारखा ऐकत असतो, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

या मोजमापांचा इतिहासही शिक्षकाने ध्यानात ठेवणे इष्ट. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांचा हात ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून तयार केला जाई. जिवंत मॉडेलवरून मानवाकृतीच्या अभ्यासाला ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या सुमारास, खरे महत्त्व आले. प्लास्टरच्या नाकाची सवय मात्र शाळांच्या फळ्यांपर्यंत झिरपली. त्याच कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. खानदेशाच्या उंबरठ्यावरच्या त्या लेण्यांत सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या आकृती गोऱ्यांच्या बरोबरीने, तितक्याच लावण्याने रंगविलेल्या आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र तर पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पाच प्रकार मानते, त्यांची उंची १०८ अंगुळांपासून ९० अंगुळांपर्यंत सांगते, आणि ते अंगुळ ज्याचे त्याचे धरते. ज्याचे माप त्याच्याच बोटाने घ्यावे, ही सूचना आत्मचित्राच्या वर्गासाठीच केली असावी असे वाटते.

याच्या उलट टोकाची एक चूकही हल्ली फैलावत आहे. मुलाचा आत्मविश्वास दुखावेल म्हणून प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणावयाचे, असा एक उदार पंथ निघाला आहे. ही उदारता फसवी होय. ज्याच्या चित्राकडे कोणी बारकाईने पाहत नाही, त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही, हे मुलांना लवकर उमजते. आदिवासी मुलाने वारली धाटणीचेच काढावे, ते त्याच्या रक्तातच आहे, अशी अपेक्षा ठेवणे हाही त्याच उदारतेचा एक प्रकार. वारली चित्रपरंपरा पालघर-डहाणू भागातील. सातपुड्यातील पावरा मुलाचे तिच्याशी जन्मजात नाते जोडणे म्हणजे पुन्हा त्याचा चेहरा न पाहणेच होय. काठीच्या राजवाडी होळीत अंगभर ठिपके आणि रेषा रेखून, डोक्यावर उंच टोप चढवून नाचणाऱ्या तरुणांना स्वतःचे रूप सिद्ध करण्यातील चोखंदळपणा शिकवावा लागत नाही. त्या चोखंदळपणाला साजेशी कडक, नेमकी आणि आदरयुक्त समीक्षा वर्गात मिळाली पाहिजे.

ती कशी असावी याचे नियम अवघड नाहीत. प्रथम बोलावे ते चित्र काढणाऱ्याने: काय दिसले, कोठे अडले. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कागदावर आपली रेषा मारू नये. दाखवावयाचे ते वेगळ्या कागदावर दाखवावे, कारण खोडरबराने पुसले जाते ते केवळ चुकीचे नाक नसते. आत्मचित्रांची क्रमवारी लावू नये, आणि ज्याची इच्छा नसेल त्याचे चित्र भिंतीवर टांगू नये. मुख्य म्हणजे शिक्षकाने त्याच तासात आपलेही आत्मचित्र काढून सर्वांपुढे ठेवावे. रेम्ब्रांने १६६९ साली, मृत्यूच्या वर्षीदेखील, स्वतःच्या सुरकुत्या आणि सुजकट नाक चुकविले नाही. गुरुजींनी आपले टक्कल चुकवू नये एवढीच अपेक्षा.

साधनांचा अभाव हे कारण येथे टिकत नाही. सपाट आरशाच्या काचेवर आपल्या चेहऱ्याचे प्रतिबिंब, कितीही अंतरावरून पाहिले तरी, चेहऱ्याच्या निम्म्या उंचीचे पडते. म्हणजे पाच-सहा इंचांचा आरसा पुरेसा होतो. मोबाईलवरील छायाचित्र मात्र टाळावे. हातभर अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात नाक मोठे आणि कान लहान दिसतात, आणि वर्ण उजळविण्याची सोय त्या यंत्रात असतेच. उणीव आहे ती माणसांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. दुर्गम तालुक्यांतील शाळांत ती जागा कागदावर किती आणि वर्गात किती, याचा हिशेब शासनाने तालुकावार जाहीर करावा.

चित्रकलेच्या तासाने सगळेच चित्रकार होणार नाहीत. परंतु आपल्या चेहऱ्याचे माप दुसऱ्याच्या पट्टीने न घेता जो ते नीट पाहून काढू शकला, तो पुढे कारकून झाला काय, शिक्षक झाला काय, इतरांचे चेहरेही नीट पाहील. शाळेने एवढे साधले तरी पुष्कळ झाले.