घरांतील विज्ञान : विझणारा गीझर

थंडी पडली कीं एक तक्रार घरोघर ऐकूं येते : "गॅसचा गीझर पेटतो, चार तांबे पाणी तापवितो आणि आपोआप विझतो. काय करावें?" या खेपेस उत्तरादाखल आमच्याच घरची हकीकत सांगतों. तींतील फजिती आमची आहे. धडा मात्र सर्वांच्या उपयोगाचा आहे.

भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्यांत कोंढा हें आमचें गांव. घरांत लहानमोठीं मिळून बारा माणसें. पूर्वीं परसांत तांब्याचा बंब पेटत असे. त्याचा धूर डोळ्यांत जाई, परंतु तो उघड्यावर असल्यामुळें कोणाचें विशेष बिघडत नसे. कांहीं वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत, धुराडें नसलेला, भिंतीवरील गीझर आला आणि बंब अडगळींत गेला. गेल्या पौषांत या गीझरानें असहकार आरंभिला.

घरांत निदानें पुष्कळ झालीं. अण्णा म्हणाले, "सिलिंडर संपत आला." धाकट्या पुतण्यानें ठरविलें कीं झरोक्यांतून येणाऱ्या वाऱ्यानें ज्योत विझते, त्यानें झरोक्यास पुठ्ठा ठोकून टाकला. न्हाणीघर उबदार झालें म्हणून त्याचें कौतुकही झालें! परंतु गीझर पूर्वींपेक्षां अधिक वेळां विझूं लागला. शेवटीं एक कारागीर बोलाविला. तो म्हणाला, "आंत सुरक्षेची तार आहे, तीच घोटाळा करते. ती परस्पर जोडून देतों, मग विझण्याचें नांव नको."

त्यानें पक्कड हातीं घेतली, तोंच वहिनी दारांतून म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगूं? तीन दिवस झाले, न्हाऊन आलें कीं माझें डोकें ठणकतें. काल तर दाराची कडी काढतांना पायच लटपटले. मला वाटलें, उपासामुळें असेल."

हें ऐकतांच मीं गॅस बंद केला आणि कारागिरास थांबविलें. कां, तें सांगतों.

गीझरास चार गोष्टी लागतात : पाणी, ठिणगी, गॅस आणि हवा. शोधही याच क्रमानें करावा.

पाण्याचा दाब पुरेसा असेल तरच आंतील रबरी पडदा सरकतो व गॅसची वाट उघडते. दर 10 मीटर उंचीस सुमारें एक वातावरणाइतका दाब मिळतो. गच्चीवरील टाकी दोन-तीन मीटरच उंच असेल, तर तो मुळांतच अल्प असतो. अशांत स्वयंपाकघरांतील नळ कोणीं सोडला, कीं इकडे ज्योत गेलीच. पाण्याच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी गाळानें भरली तरी हाच परिणाम होतो.

ठिणगी बहुधा दीड व्होल्टच्या दोन सेलांवर चालते. सेल उतरले, कीं टिकटिक ऐकूं येते, पण ज्योत धरत नाहीं. सेल बदलणें हा सर्वांत स्वस्त उपाय. तो आधीं करावा.

गॅस म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण. प्रोपेन उणे 42 अंशांवर उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जवळपास. म्हणून आधीं प्रोपेन अधिक प्रमाणांत निघून जातो, व संपत आलेला सिलिंडर थंड पहाटे मंद पडतो. तरीही सिलिंडर आडवा करूं नये. त्यानें द्रवरूप गॅस नळींत शिरण्याचा धोका असतो.

चौथी गोष्ट हवा. एक भाग प्रोपेन नीट जळावयास सुमारें 24 भाग हवा लागते, ब्यूटेनला 31 भाग. ती कमी पडली, कीं निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. गॅसगळती कळावी म्हणून सिलिंडरांतील गॅसमध्यें उग्र वासाचें द्रव्य घातलेलें असतें, परंतु तें ज्योतींत जळून जातें. तेव्हां नाकाचा भरंवसा येथें निरुपयोगी आहे. रक्तांतील हीमोग्लोबिनास हा वायु प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट बिलगतो. डोकें दुखणें, मळमळ, पाय लटपटणें हा क्रम; पुढें शुद्ध जाते, आणि कडी आंतून लावलेली असते.

ज्योत नसतां गॅस सुटूं नये म्हणून गीझरांत पहारेकरी तार असते. कांहीं गीझर हवेंतील प्राणवायु घटतांच बंदही होतात. आमचा कारागीर त्या पहारेकऱ्याचेंच तोंड बांधीत होता! तथापि पहारेकरी आहे म्हणून निर्धास्तही राहूं नये. ज्योत विझण्यापूर्वींच विष सांचूं शकतें.

मग आमच्या गीझराचा मूळ दोष कोणता निघाला? पाण्याची जाळी गाळानें भरली होती. टूथब्रशनें ती पांच मिनिटांत स्वच्छ झाली. मूळ दोष निरुपद्रवी होता. प्राणघातक होता तो आमचा पुठ्ठा. यंत्र वारंवार बंद पडत असेल तर तें कां थांबतें, हें आधीं विचारावें. त्यास न थांबण्याची शिक्षा करूं नये.

घरांत कोणास असा त्रास झाला, तर दार उघडून त्यास मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरें वाटलें तरी डॉक्टरांस दाखवावेंच. गॅसचा वास आला तर विजेचें बटण दाबूं नये, दारेंखिडक्या उघडून बाहेर यावें व 1906 या क्रमांकावर कळवावें.

वहिनींना त्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेलें. त्या आतां ठीक आहेत. गीझर न्हाणीघरांतून काढून मागच्या उघड्या पडवींत टांगला आहे. आंत येतें तें केवळ ऊन पाणी. झरोक्यावरचा पुठ्ठा पुतण्यानें स्वतःच्या हातानें उपटला. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "दुखणें सांगावयास मीं तीन दिवस लावले, ही चूक माझी." परंतु तसें नव्हे. बारा माणसांच्या घरांत गीझराची चौकशी सर्वांनीं केली. वहिनींची मात्र कोणींच केली नव्हती.