बातमीला परवाना नाही!

अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे सातपुड्याच्या पायथ्याचे, गुजरातच्या सीमेलगतचे गाव. पावसाळ्यात रस्ता खचला वा एखाद्या पाड्यावर साथ पसरली, तर ती वार्ता गावाला कोणी द्यावी? दिल्लीच्या वार्तापत्रात खापरला जागा मिळणार नाही. उद्या नंदुरबारला खासगी एफएम वाहिनी आली, तरी तिला प्रशासनाने पुरविलेली सूचना तेवढी वाचता येईल. पाणी कधी येणार हे सांगता येईल. का आले नाही, हे शोधून सांगणे मात्र नियमबाह्य! २०११ च्या धोरणाने खासगी वाहिन्यांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविण्याची मुभा दिली. स्वतःची बातमी देण्याची नाही. दिवसभर गाणी वाजवा, दूरध्वनीवरून थट्टामस्करी करा, शासनाला काहीच अडचण नाही.

जगात हे माध्यम वाढले ते नेमके बातमीच्या बळावर. २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. त्याच कंपनीने १९६५ मध्ये न्यूयॉर्कचे विन्स केंद्र अहोरात्र बातम्यांना वाहिले. १९८७ मध्ये त्याच शहरात डब्ल्यूएफएएन हे केवळ क्रीडेला वाहिलेले केंद्र उभे राहिले.

आपल्याकडे उद्यमशीलता नव्हती काय? १९२३ मध्येच मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केले होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. भांडवल अपुरे, श्रोते मूठभर. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि इंग्रज सरकारने प्रक्षेपण ताब्यात घेतले. १९३६ मध्ये त्याचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले. परकीयांना ही मक्तेदारी हवी होती, हे समजू शकते. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्यासाठी कारावास भोगला. परंतु स्वातंत्र्यानंतर त्याच काँग्रेसच्या सरकारांनी ती मक्तेदारी प्राणपणाने जपली! २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने ऐकली ती आकाशवाणीवरूनच. विरोधाचा स्वर ऐकविणारे दुसरे केंद्र देशात नव्हते.

आकाशवाणीचे ऋण आम्ही नाकारत नाही. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने क्रिकेट घराघरांत नेले. पण गुणी संस्था असणे निराळे आणि एकमेव असणे निराळे.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. तो अमलात यायला १९९७ साल उजाडले. २००१ मध्ये बंगळुरूत पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली, तेव्हा केंद्रात अटलजींचे सरकार होते. बातमीबंदी तेव्हाही होती, २०१४ नंतरही राहिली. येथे आपला-परका करण्यात अर्थ नाही. सत्तेला ही कुलूपबंद पेटी सोयीची वाटते.

यावर राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले जाते. सीमावर्ती वा नक्षलग्रस्त भागात अपप्रचाराचे भय खोटे नाही. मग दूरचित्रवाणीच्या शेकडो वृत्तवाहिन्यांना मोकळीक कशी? वृत्तपत्रांना कशी? मोबाइलवरून क्षणात पसरणाऱ्या अफवेला तर परवानाही लागत नाही. उलट परवाना घेतलेल्या केंद्राचा पत्ता, मालक आणि ध्वनिमुद्रण सारे शासनाला ठाऊक असते. गुन्हा घडला तर दंड करणे सोपे. ज्या पाड्यांवर मोबाइलची रेंज पोहोचत नाही आणि वृत्तपत्र उशिरा येते, तेथे अफवेला उत्तर देणारा स्थानिक, जबाबदार आवाजच आपण बंद ठेवला आहे. सामुदायिक रेडिओलाही हेच बंधन! भिली वा अहिराणीत गाणे चालते, वार्ता चालत नाही.

‘ट्राय’ने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला संमती दिली. लिलावाची घाई आहे, मग त्या दहा मिनिटांना कशाची वाट पाहायची? आपल्या खासदारांना वाचकांनी हा प्रश्न लेखी विचारावा, आणि उत्तरही लेखीच मागावे.