शौचाची तपासणी आणि आपली लाज

माझे दुल्हेभाई चाळीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहिले. मूळचे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. 2016 साली ते साठ वर्षांचे झाले आणि पोस्टाने त्यांच्या घरी एक पाकीट आलं. फोनवर मला म्हणाले, “अरे, या इंग्रजांनी माझा पाखाना मागवलाय, तोही पोस्टाने!” मी म्हणालो, “पाठवून द्या, इतकी वर्षं आपल्यावर राज्य केलं त्याची परतफेड होईल.” दोघंही पोट धरून हसलो. पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं.

दर दोन वर्षांनी पाकीट येत राहिलं. 2018 ला आलं, 2020 नंतर पुन्हा आलं. मग दुल्हेभाईंना थकवा जाणवू लागला, रक्त कमी निघालं, तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि तो यकृतापर्यंत गेला होता. सात महिन्यांत ते गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. घर आवरताना आपाला तिन्ही पाकिटं विजेच्या बिलांखाली सापडली.

वेळेवर तपासणी केली असती तर ते वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येत नाही. पण ती हसण्याची गोष्ट होती का, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. मी बी.एड. झालेला माणूस, वर्गात मुलांना पचनसंस्था शिकवलेली, आणि हसणाऱ्यांत मी पहिला.

ही तपासणी आहे तरी काय? मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका छोट्या कोंबापासून सुरू होतो. त्याला पॉलिप म्हणतात. त्याचा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात, पुष्कळदा दहा किंवा त्याहून जास्त. मधल्या काळात त्यातून अधूनमधून थोडंसं रक्त येतं, डोळ्यांना न दिसणारं. तेच रक्त शौचात शोधायचं. इंग्लंडमध्ये 2006 पासून ठरावीक वयाच्या प्रत्येकाला, काहीही त्रास नसताना, हे पाकीट घरपोच पाठवतात. आधी पुठ्ठ्याचं कार्ड असायचं. वेगवेगळ्या तीन वेळच्या शौचाचा नमुना त्यावर लावायचा. दुल्हेभाईंची पहिली दोन पाकिटं त्या कार्डांची होती, आणि ते काम किळसवाणं होतं हे मान्य करायला हवं. 2019 पासून ‘फिट’ नावाची चाचणी आली. त्यात एक लहानशी बाटली असते, तिच्या झाकणालाच काडी असते. काडी एकदाच शौचात फिरवायची, बाटलीत घालून झाकण लावायचं, तारीख लिहायची आणि पोस्टात टाकायची. तिकीटसुद्धा लावावं लागत नाही. ही चाचणी फक्त माणसाचं रक्त ओळखते, मटणाचं नाही. म्हणजे बकरी ईदच्या आठवड्यातही करायला हरकत नाही!

शंभरातल्या साधारण दोघांना पुढे कोलोनोस्कोपीसाठी बोलावतात. त्यांतल्याही बहुतेकांना कॅन्सर नसतो. कुणाला मूळव्याध असते, कुणाला पॉलिप सापडतो, आणि तो पुष्कळदा तिथल्या तिथे काढून टाकता येतो. म्हणजे रोग लवकर सापडणं हा एक फायदा झाला, काहींच्या बाबतीत तर तो होण्याआधीच अडवता येतो.

आता आपल्या लोकांचं पाहा. 2000 नंतर कॉव्हेंट्री आणि वॉरिकशायर भागात ही योजना आधी प्रायोगिक म्हणून राबवली. तिचे आकडे अभ्यासकांनी तपासले. इतर रहिवाशांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नमुना परत पाठवला होता. दक्षिण आशियाई कुटुंबांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होतं, आणि मुस्लिमांत त्याहून थोडं कमीच. तपासणी फुकट, घरपोच, दवाखान्यात जायला नको, कुणासमोर कपडे काढायला नकोत. तरी निम्म्याहून जास्त पाकिटं आपण ड्रॉवरमध्ये ठेवली.

सगळा दोष लाजेवर टाकणं सोपं आहे. पत्रं इंग्रजीत येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती नातवंडांकडून वाचून घ्यावी लागतात, आणि हे पत्र नातवाकडून कोण वाचून घेईल? काहींना वाटतं, तपासलं की काहीतरी निघणारच, मग कशाला तपासा. पण काहीजण ‘नापाक चीज’ म्हणून हे टाळतात, तेव्हा मला खरोखर नवल वाटतं. आपल्या फिक्हच्या पुस्तकांची सुरुवातच तहारतच्या बाबापासून होते. इस्तिंजा कसा करावा हे आपण मदरशात, सात-आठ वर्षांच्या वयात, मोठ्या आवाजात पाठ केलेलं असतं. तुमचे पैगंबर तुम्हाला शौचाचे नियमसुद्धा शिकवतात का, असं हजरत सलमान फारसी यांना कुणी खिजवून विचारलं, तेव्हा त्यांनी न लाजता ‘हो’ म्हटलं. त्यांचे वारस एका काडीपुढे लाजतात. हात धुवावेत, वुजू करावा, नमाजला उभं राहावं. याहून मोठी अडचण त्यात मला तरी दिसत नाही, आणि शंका असेल त्याने आपल्या इमामसाहेबांना विचारावं. इमामसाहेबांनीही जुम्याच्या बयानात दोन मिनिटं या विषयाला द्यावीत. ‘जान बचाना फर्ज’ हे आपण औषधाच्या बाबतीत किती सहज म्हणतो.

इथे महाराष्ट्रात काय? सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करण्याची योजना आहे. आतड्याचा कॅन्सर तिच्यात नाही. मला हे चुकीचं वाटत नाही. आपल्याकडे हा आजार ब्रिटनच्या मानाने बराच कमी आहे. शिवाय लाखो लोकांच्या बाटल्या गोळा केल्या, तर दोष निघालेल्यांची कोलोनोस्कोपी तालुक्याला कोण करणार? नुसती भीती वाटून लोकांना वाऱ्यावर सोडण्यापेक्षा आहे ती तोंडाची आणि स्तनाची तपासणी नीट व्हावी. आपल्या वस्त्यांतल्या किती बायका ती करून घेतात, हा प्रश्न मी स्वतःच्या घरापासून विचारायला सुरुवात केली आहे.

पण एक गोष्ट योजनेशिवायही करता येईल. आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की निदान भिंतीवरच लिहिलेलं असतं: ‘बवासीर, भगंदर, बिना ऑपरेशन, गॅरंटीने इलाज’. माणूस वर्ष-वर्ष पुड्या खातो आणि घरात कुणाला सांगत नाही. ज्याला रक्त जातंय, वजन उतरतंय किंवा शौचाची सवय अचानक बदलली आहे, त्याने बाटलीची चाचणी शोधत बसू नये. ती त्रास नसलेल्यांसाठी असते. त्याने थेट डॉक्टर गाठावा आणि मूळव्याधच आहे हे तपासून घ्यावं.

इंग्लंडमध्ये आता वयाची अट पन्नासपर्यंत खाली आणली आहे. गेल्या महिन्यात आपाला तिच्या नावाचं पाकीट आलं. ते तिने दोन दिवस तसंच टेबलावर ठेवलं, तिसऱ्या दिवशी मला फोन केला. रडली थोडी. मग म्हणाली, “तू फोन ठेवू नकोस, मी आले.” मी इकडे दहा मिनिटं फोन कानाला लावून अंगणात उभा. परत आली, हात धुतल्याचा आवाज आला, आणि विचारते कशी, “भाई, बाटलीवर तारीख लिहायची आहे, चांदची लिहू की इंग्रजी?”

संध्याकाळी तिने पाकीट पोस्टात टाकलं. दोन आठवड्यांत उत्तर येईल म्हणाले आहेत.