रोखठोक म्हणजे तोंडाळ नव्हे!

"आपण बाबा रोखठोक माणूस!" असं छातीवर हात मारून सांगणारा एकतरी गडी गावागावात असतोच. चारचौघांत समोरच्याचा पाणउतारा करायचा आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचं, एवढाच त्याचा रोखठोकपणा. पण हा शब्द काय सांगतो, ते जरा बघा.

शब्द बाजारातला आहे. रोख म्हणजे रोकड, उधारीच्या उलट. ठोक म्हणजे एकदाचा ठरवून टाकलेला. ठोक भाव आपण म्हणतोच. माल इथं, पैसा इथं, मागाहून "बघू" नाही. चांदीचा रुपया चालत होता तेव्हा लोक तो दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद वाजला तर खोटा. खऱ्या बोलण्यालाही आपण खणखणीत म्हणतो, ते काही उगाच नाही.

याच्या उलट व्यवहार गुरांच्या बाजारात दिसतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. आपलं बोलणंही पुष्कळदा तसंच असतं. लेकी बोले सुने लागे! पारावर वाघ, सभेत मात्र मान खाली.

उसाचंच घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर सालाला १५ टक्के व्याज. कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून, आवाज न चढवता, "आमचं व्याज किती झालं?" एवढं विचारणारे किती निघतात? विचारणारा स्वतःच्या नावानं, तोंडावर, आकड्यानिशी बोलतो. तो खरा रोखठोक.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही हेच सांगणं आहे. "प्रस्ताव वर पाठवलाय" हे उत्तर म्हणजे उधारी. कोणत्या तारखेला पाठवला, जावक क्रमांक काय, निधी नसेल तर नाही, हे ग्रामसभेत सांगून टाका. लोक घटकाभर रागावतील, पण हेलपाटे वाचतील आणि विश्वास बसेल.

शिवी द्यायला काही पडत नाही. रोखठोक बोलण्याची किंमत मात्र बोलणाऱ्याला जागेवरच मोजावी लागते. ती मोजायची तयारी असेल, तरच स्वतःला रोखठोक म्हणवून घ्या.