जागेसाठी प्रार्थना

लंडनच्या कॉमन्स सभागृहात 650 सभासद निवडून येतात आणि बसायला जागा आहेत सुमारे 427. मग जागा धरायची कशी? आपल्याकडे एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात. तिथे बाकावर एक कार्ड ठेवायचे आणि कामकाजाआधीच्या ख्रिस्ती प्रार्थनेला हजर राहायचे! मग दिवसभराची जागा पक्की. सभासद निरीश्वरवादी असो, शीख असो की हिंदू. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला म्हणजे झाले. या रुमालाला मी धर्म म्हणायला तयार नाही.

परंतु राजमान्य धर्माचे तिकडे पुष्कळसे असेच झाले आहे. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या शिरगणतीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के निघाले. कोणताच धर्म नाही म्हणणारे 37.2. तरीही लॉर्ड्स सभेत इंग्लंडच्या चर्चचे 26 बिशप केवळ हुद्द्याच्या जोरावर बसतात आणि स्कॉटलंडलाही लागू होणाऱ्या कायद्यांवर मत देतात.

हे एक वेळ शोभेचे म्हणून सोडून देऊ. शाळांचे काय? सरकारी पैशाने चालणाऱ्या काही चर्च-शाळांत अर्ज फार आले की चर्चला नेमाने जाणाऱ्यांच्या मुलांना आधी घेतात. कायद्याची तशी मुभाच आहे. मग मूल शाळेच्या वयाचे होऊ लागले की आईबापांना एकाएकी येशूची ओढ लागते, आणि प्रवेश मिळाला की पुष्कळांची भक्ती ओसरते. गरज सरो, वैद्य मरो! यात मार खाते कोण? रविवारी इस्पितळात पाळी करणारी नर्सबाई, बस हाकणारा ड्रायव्हर. कर त्यांनीही भरलेला असतो. हजेरी मात्र कमी पडते.

काही विलायतवासी स्नेही मला समजावतात की, या चर्चच्या छत्रीखाली सगळ्याच धर्मांना आसरा मिळतो. पाहा ना, 6 मे 2023 च्या राज्याभिषेकात हिंदू पंतप्रधान सुनक यांनी बायबल वाचले! वाचले खरे, आणि शोभूनही दिसले. पण त्याच समारंभात राजाने शपथ घेतली ती प्रॉटेस्टंट धर्म राखण्याची. पाहुण्याला मानाचा पाट मिळाला म्हणून घराच्या उताऱ्यावर त्याचे नाव चढत नाही.

ख्रिस्ती धर्माचा मी द्वेष्टा नव्हे. 1953 साली चॅड व्हारा या पाद्र्याने लंडनमधल्या आपल्या चर्चच्या तळघरात एक टेलिफोन ठेवला. जीव द्यायला निघालेल्या कोणीही त्यावर बोलावे. उपदेश करायचा नाही, नुसते ऐकायचे. त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. आज कितीतरी चर्चांच्या दिवाणखान्यांतून गरजूंना शिधा वाटला जातो. या कामाला ना राजमुद्रा लागली, ना लॉर्ड्समधली खुर्ची.

आणि खुर्ची गेली तर बुडते काय? वेल्समधल्या चर्चचा राजाश्रय 1920 सालीच सुटला. तिथल्या बिशपांच्या जागा गेल्या. रविवारच्या उपासना थांबल्या नाहीत. इंग्लंडच्या बिशपांनी त्या 26 खुर्च्या सोडण्याचा कायदा स्वतःच मागावा. तोवर शाळांनी प्रवेशाच्या अर्जातला चर्चच्या हजेरीचा रकाना तेवढा खोडावा. त्याला पार्लमेंटची परवानगीसुद्धा लागत नाही.