मोडी आणि मोड

पूर्वी चाळिशी आली की माणसाला चष्मा लागायचा, हल्ली मूळपुरुष लागतो. काल-परवापर्यंत वडिलांच्या श्राद्धाची तिथी बायकोला विचारणारे गृहस्थ एकाएकी ‘आपलं घराणं मूळचं कुठलं?’ या चिंतेने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकापुढे बसू लागतात. आणि गंमत अशी, की ज्याला जो पूर्वज सापडतो तो सरदार, फडणीस, अगदीच गेला बाजार शिलेदार तरी असतो. माझ्या ओळखीच्या तेरा जणांचे पूर्वज १७६१ साली पानिपतावर लढत होते. चौदावा परवा भाजी घेताना भेटला. एवढी मंडळी खरोखरच तिथे हजर असती, तर अब्दालीची काय बिशाद होती? मराठ्यांच्या लष्कराबरोबर हजारो बुणगे होते, असे इतिहास सांगतो. त्या बुणग्यांचा मात्र निर्वंश झालेला दिसतो. निदान आमच्या सोसायटीत तरी त्यांचा एकही वारस राहत नाही.

पूर्वज शोधू नयेत असे माझे म्हणणे नाही. उलट हल्लीइतकी सोय कधीच नव्हती. एके काळी मोडी कागद पाहायचा तर पुण्याला जाऊन पेशवे दप्तरातले रुमाल सोडवावे लागत. आता मोडीचे वर्ग मोबाइलवर भरतात. आपले वाडवडील यात्रेला गेले की क्षेत्रोपाध्ये त्यांची नावे वहीत उतरवून घेत. हरिद्वारसारख्या क्षेत्रांतल्या अशा वह्यांची पाने आज ‘फॅमिलीसर्च’ नावाच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट दिसतात. हे संकेतस्थळ अमेरिकेतल्या यूटा राज्यातले मॉर्मन पंथाचे लोक चालवतात. म्हणजे खापरपणजोबांनी गंगेकाठी केलेली सही पाहायची तर वाट सॉल्ट लेक सिटीवरून!

शिवाय डीएनएची तपासणी आहेच. माझ्या न्यू जर्सीतल्या चुलतभावाने पैसे भरून, नळीत थुंकून ती नळी पोस्टाने पाठवली. सहा आठवड्यांनी उत्तर आले, ‘आपण दक्षिण आशियातले आहात.’ एवढे तर आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यानेही सांगितले असते, आणि थुंकायचे वेगळे पैसे घेतले नसते.

माझा आक्षेप छंदाला नाही, हिशेबाला आहे. मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. जमाखर्च जुळला नाही की मला जेवण जात नाही. तेव्हा जरा पेन्सिल घ्या. प्रत्येकाला आई-बाप दोन. आजी-आजोबा चार. पणज्या-पणजे आठ. असे दुप्पट करत दहाव्या पिढीला पोचलात की त्या एका पिढीतच १,०२४ माणसे उभी राहतात. दहाही पिढ्यांची बेरीज २,०४६. (मामाची मुलगी करायची चाल ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यात काही नावे दोनदा येतील, तेवढी वजा करा.) आता तुमची ती चौकटीत लावलेली वंशावळ बघा. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, असे किती झाले? दहा! उरलेली २,०३६ खाती कुठे गेली?

आमच्या बँकेत एका खात्यात चार रुपयांचा फरक निघाला, तरी साहेब आम्हाला रात्री आठपर्यंत बसवून ठेवतात. इथे दोन हजार सेहेचाळीस खात्यांपैकी दहांचा मेळ लागतो आणि मंडळी हॉल घेऊन कुलसंमेलन भरवतात, श्रीखंड-पुरी खातात. लग्न म्हणजे दोन घरांमधला व्यवहार. त्याची नोंद दोन्ही बाजूंना पडायला हवी. इथे पाहावे तर एकेरी नोंद, तीही फक्त जमेची. असली वही घेऊन ऑडिटरपुढे गेलात, तर तो चहासुद्धा न घेता उठून जाईल.

‘आता तसं राहिलं नाही हो,’ असे एका कुलमंडळाचे चिटणीस मला म्हणाले. ‘सुना-लेकींचीही नावं आम्ही घालतो.’ घालतात, हे खरे आहे आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. पण त्यांनी दिलेला फॉर्म मी मुद्दाम निरखून पाहिला. ‘कर्तृत्व, पदव्या व मानसन्मान’ यासाठी पुरुषाला अर्धे पान. ‘पत्नीचे नाव’ यासाठी एक ओळ, आणि कंसात सूचना : ‘सासरचे लिहावे.’

आमच्या बँकेला माणसे काय वाट्टेल ते बोलतात, पण एका बाबतीत ती कुलवृत्तांताच्या पुढे आहे. फोनवर ओळख पटवायची झाली की बँक हटकून ‘आईचे माहेरचे आडनाव’ विचारते. इथवर लोक तग धरतात. एकदा काउंटरवर गर्दी नव्हती म्हणून एका पानिपतकाराला मी सहज पुढचा प्रश्न विचारला.

“आणि आजीचं नाव काय हो, वडिलांच्या आईचं?”

“आजीचं? आजी.”

“अहो, नाव.”

“सगळे आजीच म्हणायचे तिला.”

याच गृहस्थांना पूर्वजाच्या घोड्याचा रंग पाठ होता.

आता या आजीला संगणकावर शोधायचे म्हटले तरी शोधणार कसे? आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहायची रीत. नाव लिहिले, पेढे वाटले, तांदूळ डब्यात गेले, आणि जन्मापासून लाभलेले जुने नावही त्यांच्याबरोबर शिजून गेले. पुढे रेशनकार्डावर नवे, मतदारयादीत नवे, मृत्यूच्या दाखल्यावर नवे. नवरा आधी गेला असेल तर पत्रांतून नुसतेच ‘गं. भा. काकूस’. जगातले कुठलेही यंत्र आजवर डब्यातले तांदूळ वाचायला शिकलेले नाही.

मग ती नावे राहिली कुठे? सांगतो. भांड्यांवर! आपली बायामाणसे इतिहास दप्तरात ठेवत नव्हती, फडताळात ठेवत होती. तांब्या-पितळेच्या भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालून द्यायची पद्धत होती. कोणी दिले, कोणाला दिले, कशाप्रीत्यर्थ दिले, कधीकधी सालसुद्धा. ताम्रपट म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

आमच्या घरातल्या एका तांब्याच्या हंड्यावर ‘वेणूस मामांकडून, शके १८६२’ अशी अक्षरे आहेत. शके १८६२ म्हणजे १९४०-४१ साल. आमच्या घराण्यात वेणू नावाचे कोणीही नव्हते. वडिलांना माहीत नाही, काकांना माहीत नाही, वंशावळीत तर प्रश्नच नाही. शेवटी सांगलीच्या आत्याला फोन लावला. तिचे वय त्र्याऐंशी.

“अरे, वेणू म्हणजे आईच की रे!” आत्या म्हणाली. “रमा हे सासरचं नाव. वडील लहानपणीच गेले ना तिचे, मामांनीच लग्न लावून दिलं. घरात एवढी ओढाताण झाली, भांडी एकेक करून गेली, पण हा हंडा काही तिनं मोडीत घालू दिला नाही. ‘त्याच्यावर मी आहे,’ म्हणायची.”

‘त्याच्यावर मी आहे’! साठ वर्षे ज्या घरात राबली, तिथल्या एकाही कागदावर ती नव्हती. हंड्यावर होती.

आणि आपण काय करतो? आमच्या वरच्या मजल्यावरचे स्नेही दर शनिवारी मोडी शिकतात. त्याच महिन्यात त्यांच्याकडची दोन पोती पितळी भांडी मोडीत गेली. मोडी शिकायची आणि नावे मोडीत काढायची, असा हा दुहेरी उद्योग! भंगारवाला वजनावर घेतो. नाव कोरलेल्या भांड्याचे तो पैसे वाढवून देत नाही; अक्षरे कोरताना धातू गेला, म्हणून कमी मात्र देईल.

तुम्ही म्हणाल, वंश पुरुषाकडून चालतो, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार? तर त्या थुंकीच्या नळीतलेच शास्त्र ऐका. आपल्या पेशींत डीएनएचा एक लहानसा अंश असा असतो, की तो फक्त आईकडून मिळतो आणि पुढेही फक्त लेकींकरवीच चालतो. तेव्हा आईच्या आईच्या आईची खूण आपण अंगात वागवतो. फक्त तिचे नाव आपल्याला ठाऊक नसते. श्राद्धाला भटजीसुद्धा आई, आजी, पणजी अशी तिघींची नावे विचारतात. तिथे आपण घड्याळाकडे बघतो.

सरकारला उशिरा का होईना, जाग आली. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम ठरला आहे. त्या आधीच्यांचे काय? ते काम तुमचे आणि माझे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मूळपुरुषाला चार दिवस थांबू द्या. भांडी मोडीत घालण्यापूर्वी उलटीपालटी करून वाचा. जुन्या फोटोंत पुरुष खुर्च्यांवर आणि मागे बायका उभ्या असतात. त्या मागच्या रांगेतली नावे फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आधी फोन करा. पेशवे दप्तरातले रुमाल इतकी वर्षे थांबले आहेत, ते आणखीही थांबतील. पंड्यांच्या वह्या तर आता सॉल्ट लेक सिटीत सुखरूप आहेत. आत्यांचे तसे नसते. फोन करणार असाल तर सकाळीच करा. दुपारी जेवण झाले की त्यांचा डोळा लागतो.